परत केलेल्या बोनसवर गेलेला टॅक्स कसा परत मिळवायचा: अमेरिकेत नोकरी बदलणाऱ्यांसाठी

२०२४ च्या मे महिन्यातला रविवार. माझी मावसबहीण जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती आणि शेजारचा चहा गार झाला होता. टेक्सासमधली पहिली नोकरी सोडून तिने तिथेच दुसरी धरली होती. आता जुन्या कंपनीचं पत्र आलं होतं: जानेवारी २०२३ मध्ये दिलेला २०,००० डॉलरचा साइनिंग बोनस (नोकरी धरताना मिळणारी रक्कम) तीस दिवसांत पूर्ण परत करा. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर सगळी रक्कम परत, असं करारात लिहिलेलं होतंच. तिचा प्रश्न वेगळा होता. "दादा, माझ्या खात्यात चौदा हजार सत्तर आले होते. वीस हजार कुठून देऊ? वरचे मला मिळालेच नाहीत."

आम्ही जुना पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, काढला. बोनसच्या ओळीखाली तीन कपाती होत्या: फेडरल (केंद्र सरकारचा) इन्कम टॅक्स ४,४००, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनची वर्गणी) १,२४०, मेडिकेअर (म्हातारपणच्या सरकारी आरोग्यविम्याची वर्गणी) २९०. एकूण ५,९३०. बोनसवर बहुतेक कंपन्या २२ टक्के सरसकट फेडरल टॅक्स कापतात. त्यावर सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून यादी तिथेच संपली. दुसऱ्या राज्यात असती तर आणखी एक ओळ वाढली असती.

हे ५,९३० डॉलर बुडत नाहीत. मात्र ते सगळे एकाच ठिकाणाहून परत येत नाहीत आणि मागितल्याशिवाय तर येतच नाहीत. इन्कम टॅक्सचा रस्ता वेगळा, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा वेगळा, राज्याचा तिसरा. अशा पत्रानंतर पुष्कळ मंडळी कंपनीला शिव्या घालत पैसे भरतात आणि विषय सोडून देतात. ते बघून मला वाईट वाटतं, कारण थोडे कागद नीट जमवले तर ही रक्कम जवळजवळ पूर्ण परत येते.

पहिली पायरी: कोणत्या वर्षी मिळाला, कोणत्या वर्षी परत करताय

सगळा खेळ या दोन तारखांवर आहे. अमेरिकेत टॅक्सचं वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. बोनस आणि परतफेड एकाच कॅलेंडर वर्षात असेल तर काम सोपं आहे. कंपनीचा पगार काढणारा पेरोल विभाग तो बोनस त्या वर्षाच्या पगारातून वजा करू शकतो, कापलेला टॅक्स आपल्या पुढच्या भरण्यात वळता करू शकतो, आणि वर्षाअखेरच्या डब्ल्यू-२ वर (कंपनी देते त्या पगार-टॅक्सच्या दाखल्यावर) तो पैसा दिसतच नाही. अशा वेळी कंपनीला स्पष्ट विचारा, "मी हातात आलेली रक्कम, म्हणजे नेट, परत करू का?" बहुतेक ठिकाणी होकार येतो. त्याच वर्षात असूनही कंपनीने ग्रॉसच (कपातीआधीची पूर्ण रक्कम) मागितलं, तर निदान डब्ल्यू-२ च्या बॉक्स १, ३ आणि ५ मधून (इन्कम टॅक्स, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी धरलेल्या पगारातून) बोनस वजा होईल याची लेखी खात्री घ्या. बॉक्स २ मध्ये कापलेला टॅक्स तसाच राहिला तर तो जास्तीचा भरणा ठरतो आणि रिटर्न भरल्यावर रिफंडमध्ये येतो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात मात्र पेरोलनेच परत करायला हवी.

म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राजीनामा देत असाल आणि बोनस याच वर्षातला असेल, तर परतफेड ३१ डिसेंबरच्या आत उरका. पेरोलची वर्षाअखेरची धावपळ लक्षात घेऊन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पैसे पाठवा. "जानेवारीत बघू" म्हणून ढकललंत तर पुढच्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतील.

माझ्या बहिणीचं वर्ष उलटलेलं होतं. बोनस २०२३ चा, परतफेड २०२४ मध्ये. इथून पुढचं सगळं तिच्यासारख्यांसाठी.

वर्ष उलटल्यावर कंपनी ग्रॉस का मागते

हे समजून घेतलं की राग निम्मा उतरतो. कापलेले ४,४०० डॉलर कंपनीने २०२३ मध्येच तुमच्या नावाने आयआरएसकडे (फेडरल टॅक्स खात्याकडे) भरले. एप्रिल २०२४ मध्ये तुम्ही रिटर्न भरलंत तेव्हा ते पैसे तुमच्या २०२३ च्या टॅक्समध्ये जमा धरले गेले, म्हणजे तुम्ही ते वापरलेत. वर्ष संपल्यावर कंपनीला ते आयआरएसकडून परत मागता येत नाहीत. डब्ल्यू-२ च्या अधिकृत सूचनांमध्येच लिहिलं आहे की आधीच्या वर्षाच्या पगाराची परतफेड ग्रॉस रकमेने व्हायला हवी, नेटने नव्हे.

त्याच सूचनांमधली दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. आधीच्या वर्षाच्या डब्ल्यू-२ चा बॉक्स १ कंपनी बदलणार नाही. तो पैसा २०२३ मध्ये तुमच्या हातात आला, तुम्ही तो आपला म्हणून वापरलात, तेव्हा तो २०२३ चं उत्पन्नच राहतो. त्यामुळे इन्कम टॅक्ससाठी २०२३ चं रिटर्न १०४०-एक्स (रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म) भरून दुरुस्त करायचं नसतं. मित्रमंडळींकडून सर्वात जास्त मिळणारा चुकीचा सल्ला हाच: "जुनं रिटर्न अमेंड कर, झालं." तसं होत नाही. दिलासा मिळतो तो परतफेडीच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये.

या नियमामागे एका बोनसचाच खटला आहे. १९४४ मध्ये लुईस नावाच्या नोकरदाराला सुमारे २२,००० डॉलर बोनस मिळाला. पुढे राज्याच्या कोर्टाने ठरवलं की हिशेब चुकला होता, आणि १९४६ मध्ये त्याला सुमारे ११,००० परत करावे लागले. तो म्हणाला, माझा १९४४ चा टॅक्स पुन्हा मोजा. १९५१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने नकार दिला: ज्या वर्षी परत केलेत त्या वर्षी वजावट घ्या. आता ज्या वर्षी परत करतो त्या वर्षी उत्पन्न कमी असेल तर वजावटीचा उपयोगही कमी, हा अन्याय उघड होता. मग १९५४ च्या टॅक्स कायद्यात काँग्रेसने कलम १३४१ घातलं. आज आपल्याला जे क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम, मिळतं ते याच कलमातून.

दुसरी पायरी: पैसे पाठवण्याआधी कागद जमवा

पैसे पाठवून झाले की जुन्या कंपनीचं पेरोल तुमच्या मेलला उत्तर देण्याची घाई करत नाही. म्हणून हातात चेक असतानाच मागण्या मांडा. ऑफर लेटर किंवा बोनसचा करार, बोनस आलेल्या महिन्याचा पे-स्टब, त्या वर्षाचा डब्ल्यू-२ आणि परतफेड मागणारं पत्र एका फोल्डरमध्ये ठेवा. कंपनीच्या पोर्टलवरचं तुमचं खातं केव्हा बंद होईल सांगता येत नाही, तेव्हा पे-स्टब राजीनाम्याआधीच उतरवून घ्या. पैसे चेकने किंवा बँकेतून वायरने पाठवा, म्हणजे पुरावा उरतो.

सर्वात उपयोगी कागद म्हणजे कंपनीचं एक छोटं पत्र. आम्ही एचआरला पाठवलेल्या मेलमध्ये तीन ओळी मागितल्या होत्या: एकूण किती रक्कम परत मिळाली, कोणत्या तारखेला, आणि त्यातली किती रक्कम २०२३ च्या पगारापोटी होती. शिवाय त्या परतफेडीवरची सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात तुम्ही परत करणार आहात का आणि डब्ल्यू-२सी (दुरुस्त डब्ल्यू-२) केव्हा देणार, असंही विचारलं. कंपनीकडे असं पत्र मागण्यात काही गैर नाही. कर्मचाऱ्याला ही माहिती द्यावी, असं डब्ल्यू-२ च्या सूचनाच सुचवतात.

तिसरी पायरी: सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर

हे पैसे तुम्हाला कंपनीकडून मिळतात आणि इथे जुन्या वर्षाची दुरुस्ती चालते. कंपनी ९४१-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून आयआरएसकडून रक्कम परत घेते, तुम्हाला तुमचा वाटा देते आणि डब्ल्यू-२सी काढते. त्या डब्ल्यू-२सी वर बॉक्स ३ ते ६ मधले आकडे बदललेले असतात, बॉक्स १ आणि २ तसेच असतात. ते बघून घाबरू नका, तसंच हवं. कंपनी तुमच्याकडून एक सहीचा कागद मागेल, की हीच रक्कम तुम्ही दुसरीकडून मागितलेली नाही आणि मागणार नाही. तो द्या.

कंपनी टाळाटाळ करत असेल तर एक गोष्ट आठवण करून द्या. जेवढी सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर तुमच्याकडून कापली, तेवढीच कंपनीने स्वतःच्या खिशातून भरली होती. माझ्या बहिणीच्या बाबतीत तिचे १,५३० आणि कंपनीचेही १,५३०. फॉर्म भरला तर कंपनीलाही आपला वाटा परत मिळतो. हे पेरोलच्या माणसाला सांगितल्यावर आमचा मेल आठवडाभरात पुढे सरकला.

काही कंपन्या ही रक्कम आधीच वळती करून घेतात, म्हणजे २०,००० ऐवजी १८,४७० मागतात. चालतं, फक्त पत्रात दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या: २०,००० ची परतफेड, त्यातून १,५३० ची कपात तुम्हाला परत.

कंपनीने साफ नकार दिला किंवा ती बंदच झाली, तर फॉर्म ८४३ भरून थेट आयआरएसकडे मागा. नकार आला असेल तर जास्त कपात किती झाली याचं कंपनीचं निवेदन मिळवण्याचा प्रयत्न करा आणि ते जोडा. ते मिळालं नाही तर तुम्ही केलेल्या मेलच्या प्रती आणि तुमचा हिशेब जोडा. मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि २०२३ च्या पगारासाठी ती १५ एप्रिल २०२४ पासून मोजली जाते.

तीन अपवाद लक्षात ठेवा. सोशल सिक्युरिटी ठराविक पगारापर्यंतच कापतात. २०२३ मध्ये ती मर्यादा १,६०,२०० डॉलर होती, २०२४ मध्ये १,६८,६००, २०२५ मध्ये १,७६,१००. तुमचा पगार बोनस वजा करूनही या मर्यादेच्या वर असेल, तर सोशल सिक्युरिटीचं काही परत येणार नाही, फक्त मेडिकेअरचं येईल. पगार दोन लाखांच्या वर असेल तर ०.९ टक्के जादा मेडिकेअरही कापलेलं असतं. तेवढ्या एका तुकड्यासाठी मात्र जुन्या वर्षाचं १०४०-एक्स भरावं लागतं. आणि बोनस मिळाला तेव्हा तुम्ही एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर ओपीटीमध्ये (शिक्षणानंतर कामाची परवानगी) असाल, तर पहिली पाच कॅलेंडर वर्षं बहुधा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कापलेलंच नसतं. पे-स्टबवर त्या ओळी शून्य असतील तर ही पायरी सोडून द्या.

चौथी पायरी: इन्कम टॅक्सचा हिशेब

आधी रक्कम बघा. एका वर्षात केलेली परतफेड ३,००० डॉलर किंवा त्याहून कमी असेल, तर इन्कम टॅक्समध्ये काही मिळत नाही. पूर्वी अशा रकमेची वजावट मिळायची, २०१८ पासून ती बंद झाली आणि २०२५ च्या कायद्याने ती बंदी कायमची झाली. ३,००० च्या वर एक डॉलर जरी असला तरी कलम १३४१ चा दरवाजा उघडतो. यातला एक सापळा हप्त्यांचा आहे. ६,००० परत करायचे आणि कंपनीने कनवाळूपणे "अर्धे यंदा, अर्धे पुढच्या वर्षी" म्हटलं, तर दोन्ही वर्षी परतफेड ३,००० च्या वर जात नाही. जमत असेल तर एका वर्षातच संपवा.

३,००० च्या वर रक्कम असेल तर दोन पद्धतींनी हिशेब करायचा आणि जी पद्धत कमी टॅक्स दाखवेल ती घ्यायची.

पहिली पद्धत वजावटीची. परत केलेली पूर्ण रक्कम परतफेडीच्या वर्षात शेड्यूल ए वर (रिटर्नसोबतच्या वजावटींच्या यादीवर) वजा दाखवायची. अडचण अशी की शेड्यूल ए घेतलं तर स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी ठरावीक वजावट) सोडावं लागतं. माझ्या बहिणीचं २०२४ चं उत्पन्न १,०५,००० होतं, घरकर्ज नाही, दुसरी मोठी वजावट नाही. २०२४ मध्ये अविवाहितांसाठी स्टँडर्ड डिडक्शन १४,६०० होतं. म्हणजे २०,००० दाखवून खरा फायदा फक्त वरच्या ५,४०० चा. ती २२ टक्क्यांच्या टप्प्यात, तेव्हा वाचले १,१८८ डॉलर. ४,४०० च्या बदल्यात एवढेच.

दुसरी पद्धत क्रेडिटची, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या बहुतेकांना हीच लाभते. विचारायचं असं: २०२३ मध्ये तो बोनस मिळालाच नसता, तर २०२३ चा टॅक्स किती आला असता? तिचा पगार ९०,००० आणि बोनस २०,०००, मिळून १,१०,०००. त्यातून २०२३ चं स्टँडर्ड डिडक्शन १३,८५० वजा केलं की ९६,१५० उरतात. त्यावरचा टॅक्स १६,४७६. आता बोनस काढून टाका: ७६,१५० वर टॅक्स १२,०६०. फरक सुमारे ४,४१५. एवढं क्रेडिट २०२४ च्या टॅक्समधून थेट वजा होतं. सूत्राने मोजलं आणि आयआरएसच्या तक्त्यातून मोजलं तर एखाद-दोन डॉलर इकडेतिकडे होतात. रिटर्नवर तक्त्यातला आकडा लिहा.

एकूण जमाखर्च बघा: कापले गेले ५,९३०, परत येणार ४,४१५ आणि १,५३०, मिळून ५,९४५. पंधरा डॉलर वर, कारण बोनसचा वरचा थोडासा भाग २४ टक्क्यांच्या टप्प्यात गेला होता आणि त्यावरचा खरा टॅक्स कापलेल्या २२ टक्क्यांपेक्षा किंचित जास्त होता. तिने हा आकडा दोनदा तपासला. मग केटलमध्ये नवीन पाणी चढवलं.

पहिली पद्धत कोणाला परवडते? ज्यांचं घरकर्जाचं व्याज वगैरे धरून शेड्यूल ए आधीच स्टँडर्ड डिडक्शनच्या वर गेलेलं आहे आणि ज्यांचा पगार नव्या नोकरीत बराच वाढला आहे त्यांना. त्यांच्या २०,००० वर ३५ टक्के वाचले तर ते ७,००० होतात, क्रेडिटपेक्षा जास्त. म्हणून दोन्ही हिशेब करा, अंदाजाने निवडू नका.

जुन्या वर्षाचा टॅक्स परत मोजायला सोपी युक्ती आहे. तुमच्या टॅक्स सॉफ्टवेअरमधली २०२३ ची फाइल उघडा, तिची नक्कल करा आणि नकलेत फक्त बॉक्स १ मधून परत केलेली रक्कम वजा करा. बॉक्स २ ला हात लावू नका. मग "एकूण टॅक्स"च्या ओळीतला फरक बघा, रिफंडच्या ओळीतला बघू नका. मुलांचं क्रेडिट किंवा शिक्षणकर्जाच्या व्याजाची वजावट यांसारख्या, उत्पन्नावर अवलंबून असलेल्या गोष्टीही बदलतात, आणि त्या बदलाचा फायदाही तुमचाच. ही नक्कल कुठेही पाठवायची नसते, पण छापून फोल्डरमध्ये ठेवा. आयआरएसने विचारलं तर तोच तुमचा पुरावा.

पाचवी पायरी: रिटर्नमध्ये कुठे लिहायचं

क्रेडिट शेड्यूल ३ या रिटर्नला जोडायच्या फॉर्मवर जातं. २०२४ च्या फॉर्मवर ती ओळ १३बी आहे. तिथून ते फॉर्म १०४० वर, म्हणजे मुख्य रिटर्नवर, भरलेल्या टॅक्सच्या बाजूला जमा होतं. हे क्रेडिट पूर्ण परत मिळणारं आहे, म्हणजे त्या वर्षीचा तुमचा टॅक्स क्रेडिटपेक्षा कमी असला तरी उरलेली रक्कम रिफंडमध्ये येते. भारतात परत गेलेल्यांसाठी हे फार मोलाचं आहे. परतफेडीच्या वर्षी तुमचं अमेरिकेत काही उत्पन्न नसलं तरी त्या वर्षाचं रिटर्न भरा, बहुधा ते १०४०-एनआर (अनिवासींचं रिटर्न) असेल, आणि क्रेडिट मागा. उत्पन्न नाही म्हणून रिटर्न न भरणाऱ्यांचे पैसे तिथेच पडून राहतात.

सॉफ्टवेअर हा विषय आपणहून विचारत नाही. मुलाखतीसारख्या प्रश्नांमध्ये तो सापडला नाही तर थेट शेड्यूल ३ चा फॉर्म उघडून ओळ भरावी लागते. रिटर्न भरून झाल्यावर हे आठवलं तर परतफेडीच्या वर्षाचं १०४०-एक्स भरा. त्याला रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते.

त्याआधी परतफेडीच्या वर्षाचा डब्ल्यू-२ मात्र जरूर तपासा. कधी कधी जुनी कंपनी परतफेड शेवटच्या पगारातून कापून घेते आणि चुकून त्या वर्षाचाच बॉक्स १ कमी करते. तसं झालं असेल तर तुम्हाला वजावट एकदा मिळालेलीच आहे, वरून क्रेडिट मागितलंत तर ते दुहेरी होईल. शेवटच्या पे-स्टबवरचा वर्षभराचा ग्रॉस आणि बॉक्स १ यांचा मेळ घाला, फरक दिसला की पेरोलला विचारा आणि दुरुस्त करून घ्या.

एक मोठा पण: स्वतःहून सोडलं असेल तर

हे लपवून चालणार नाही. कलम १३४१ ची अट अशी आहे की पैसे मिळाले त्या वर्षी ते बिनशर्त तुमचे आहेत असं दिसत होतं आणि नंतर तसा हक्क नव्हता हे ठरलं. कंपनीच्या हिशेबातल्या चुकीने जास्त बोनस आला असेल तर ही अट सहज बसते, लुईसचं प्रकरण तसंच होतं. पण बोनस नियमाप्रमाणे मिळाला आणि नंतर तुम्हीच राजीनामा दिलात, तर टॅक्स सल्लागारांमध्ये दोन मतं आहेत. काही म्हणतात, त्या वर्षी हक्क खराच होता, तो नंतरच्या घटनेने गेला, म्हणून कलम लागत नाही. इतर म्हणतात, परतफेडीची अट करारात पहिल्या दिवसापासून होती, तेव्हा हक्क पक्का नव्हताच. पहिलं मत मान्य झालं तर २०१८ नंतर साधी वजावटही उरत नाही.

म्हणून कराराची भाषा वाचा. "दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत हा बोनस कमावलेला मानला जाणार नाही" असं लिहिलं असेल तर तुमची बाजू बरीच मजबूत. "सोडून गेल्यास नुकसानभरपाई म्हणून इतकी रक्कम" असं असेल तर कमकुवत. माझं मत असं, की रक्कम दहा हजारांच्या वर असेल तर करार, पे-स्टब आणि कंपनीचं पत्र घेऊन एका सीपीएकडे (अमेरिकेतल्या सनदी लेखापालाकडे) तासभर बसावं. आम्ही बसलो. त्यांनी सगळ्यात आधी करारातलं परतफेडीचं कलम मोठ्याने वाचलं, त्यात "कमावलेला नाही" हे शब्द होते, आणि मग रिटर्न तयार करायला घेतलं. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे पैसे या वादात येत नाहीत असं समजून निर्धास्त राहू नका, त्याच बैठकीत तोही प्रश्न विचारा.

राज्याचा टॅक्स

टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन राज्य इथे पगारावर राज्याचा टॅक्स नाही, तिथल्यांनी हा भाग सोडावा. बाकी राज्यांचे नियम एकसारखे नाहीत. कॅलिफोर्निया फेडरलसारखंच क्रेडिट देतं, आणि तिथे बोनसवर राज्याची कपातच १०.२३ टक्के असते, म्हणजे २०,००० वर २,०४६ डॉलर. ते विसरण्यासारखे नाहीत. तुमच्या राज्याच्या टॅक्स विभागाच्या सूचनांमध्ये आधीच्या वर्षाच्या उत्पन्नाची परतफेड शोधा. दरम्यान राज्य बदललं असेल, तर बोनसवर ज्या राज्याने टॅक्स घेतला त्याच राज्याकडे मागायचं असतं.

पुढच्या ऑफरवर सही करताना

पगाराची घासाघीस सगळे करतात, परतफेडीच्या कलमाची कोणी करत नाही. तीन गोष्टी मागून बघा. परतफेड महिन्यांच्या प्रमाणात असावी, म्हणजे चोवीसपैकी अठरा महिने झाले तर पाव हिस्साच परत. कंपनीने काढून टाकलं किंवा कर्मचारीकपात केली तर परतफेड नसावी. आणि दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत बोनस कमावलेला धरला जाणार नाही, हे शब्द असावेत. एचआरला या शेवटच्या वाक्याची काही किंमत मोजावी लागत नाही, त्यामुळे ते सहसा मान्य होतं.

नवी कंपनी "जुना बोनस आम्ही भरून देतो" म्हणाली तर तो पैसाही तुमचा पगारच असतो आणि त्यावर टॅक्स कापला जातो. २०,००० मागितलेत तर हातात पुन्हा चौदा हजारच येतील. ग्रॉस-अप करून मागा, म्हणजे कपात होऊन वीस हजार उरतील. घर हलवण्याच्या खर्चाचंही २०१८ पासून तसंच आहे: कंपनीने दिलेला तो पैसा पगारात धरला जातो, आणि नोकरी लवकर सोडल्याने तो परत द्यावा लागला तर वरच्या सगळ्या पायऱ्या त्यालाही लागू होतात.

माझ्या बहिणीचा डब्ल्यू-२सी ऑक्टोबरमध्ये आला, त्यासोबत १,५३० चा चेक. फेडरलचे पैसे पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर रिफंडमध्ये आले. मधल्या काळात तिला सहा हजार डॉलर स्वतःच्या बचतीतून काढावे लागले. तेव्हा पत्र आलं असेल तर आजच हिशेब मांडा: किती आत्ता द्यायचे, किती कंपनीकडून केव्हा येतील, आणि किती पुढच्या एप्रिलपर्यंत अडकून राहतील. नवीन नोकरीत डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म) भरताना हे क्रेडिट धरून दर पगारातली कपात कमी करून घेता येते, म्हणजे सगळ्या पैशांसाठी एप्रिलची वाट बघावी लागत नाही.